बहिणींच्या सह्या

वडिलांचं वर्षश्राद्ध उरकलं की महिन्या-दोन महिन्यांत बहिणींना फोन जातो. अमुक दिवशी तालुक्याला यायचंय, आधार कार्ड आणि दोन फोटो घेऊन या, गाडी पाठवतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात वकिलाने कागद तयार ठेवलेला असतो. कुणी तो वाचून दाखवत नाही आणि कुणी वाचायला मागतही नाही. यंत्रावर अंगठा टेकवला जातो, कॅमेऱ्यात फोटो निघतो, सह्या होतात. मग हॉटेलात जेवण, भाच्यांना खाऊ, प्रत्येक बहिणीला एक साडी. कागदात मात्र लिहिलेलं असतं की आम्ही आमचा हक्क राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, विनामोबदला सोडत आहोत. पुढे तलाठी फेरफार घालतो आणि सातबाऱ्यावरून त्या बायकांची नावं कमी होतात.

हे हक्कसोडपत्र महाराष्ट्रातल्या बहुतेक शेतकरी घरांत एकदा तरी झालेलं आहे. माझ्याही घरात झालं. माझ्या आत्यांनी सह्या केल्या, आणि त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. म्हणूनच यावर लिहायला हवं. गेल्या पावणेदोनशे वर्षांत इथल्या स्त्रियांनी जे मिळवलं त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे, पण त्यातली सगळ्यात मोठी अपुरी गोष्ट या कागदापाशी अडली आहे असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे स्त्रियांचा इतिहास बहुतेक वेळा शिक्षणाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८४८, भिडे वाडा, सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेलं शेण, मग पहिली डॉक्टर, पहिली पदवीधर, पहिली अमुक. हा इतिहास खरा आहे आणि तो पुन्हा पुन्हा सांगायलाच हवा. पण त्याच काळात दुसरा एक प्रश्न सोबत चालत होता: बाईच्या नावावर काय आहे? तो प्रश्न आपण शाळेच्या पुस्तकात घेतला नाही, ३ जानेवारीच्या भाषणांत घेतला नाही, ८ मार्चच्या कार्यक्रमांतही क्वचितच घेतला.

रखमाबाईंचा खटला घ्या. तो आपण संमतीचा आणि बालविवाहाचा खटला म्हणून ओळखतो. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीने मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला, १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला, पुढे अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असा हुकूम झाला. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. हे सगळं आपल्याला ठाऊक असतं.

सहसा सांगितली जात नाही ती त्याआधीची गोष्ट. रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई विधवा झाल्या आणि काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. लग्नाआधी त्यांनी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावावर केली. विधवाविवाहाला मान्यता देणारा १८५६ चा कायदा आपण सुधारणेचा मोठा टप्पा मानतो. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपत होता. लग्नाचा हक्क एका हाताने दिला, मालमत्तेचा दुसऱ्या हाताने काढून घेतला. जयंतीबाईंनी वेळीच पाऊल उचललं म्हणून मुलीच्या नावावर काहीतरी राहिलं. खटला गाजू लागला तेव्हा दोन्ही बाजूंच्या लिखाणात ही मालमत्ता डोकावत राहिली. मुलीला सासरी का पाठवत नाहीत, तर तिच्या संपत्तीवर माहेरच्यांचा डोळा आहे, असा आरोप दादाजींच्या बाजूने झाला.

रखमाबाईंच्या धैर्याचं मोल यामुळे कमी होत नाही. पण ज्या मुलीच्या नावावर काहीच नव्हतं ती त्यांच्या जागी किती दिवस टिकली असती, हा प्रश्न मला टाळता येत नाही. त्या काळात नांदायला जायचं नाही असं मनोमन ठरवलेल्या मुली एकट्या रखमाबाईच असतील हे पटत नाही. बाकीच्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, कारण त्यांना नाही म्हणून राहायला जागा नव्हती.

पुढे हा प्रश्न सगळ्यात नेमका ओळखला तो बाबासाहेब आंबेडकरांनी. हिंदू कोड बिलाला झालेला विरोध घटस्फोट आणि एकपत्नीत्वामुळे होता असं आपण म्हणतो; मुलीला मुलाइतका वाटा देण्याची कल्पना लोकांना तितकीच झोंबली होती. जन्मानेच मुलांना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क देणारी मिताक्षरा पद्धत बिलातून काढून टाकायची होती. बिल रखडलं, सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं. नंतर कायदे तुकड्यातुकड्याने आले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला मिळालेल्या मालमत्तेवर पूर्ण मालकी दिली, मुलगी वारस ठरली. पण मिताक्षरा तशीच राहिली.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहू. आई हयात नाही. वडील, दोन मुलगे आणि एक मुलगी, वडिलोपार्जित जमीन नऊ एकर. वडील वारले. जुन्या पद्धतीत आधी वडील आणि दोन मुलगे यांचे प्रत्येकी तीन एकर धरायचे, कारण मुलगे जन्मानेच हिस्सेदार. मग वडिलांच्या तीन एकरांचे तीन भाग. मुलांच्या वाट्याला चार-चार एकर, मुलीच्या वाट्याला एक. मुलगी वारस झाली असं कायदा म्हणत होता, आणि तिला भावाच्या चौथाई मिळत होतं. ही विषमता जवळजवळ पन्नास वर्षं कायद्याच्या पुस्तकात उभी होती.

महाराष्ट्राने ती इतर अनेक राज्यांच्या आधी दुरुस्त केली, याचं श्रेय द्यायला हवं. २२ जून १९९४ पासून इथे मुलगीही जन्माने हिस्सेदार झाली. त्याच वर्षी राज्याचं महिला धोरण आलं. पण दुरुस्तीत एक अट होती: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना ती लागू नाही. एकाच घरात धाकटी हिस्सेदार आणि थोरली परकी. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून ही अट नसलेला हक्क देशभर दिला, तरी त्या दिवशी वडील हयात हवेत की नकोत यावर पुढची पंधरा वर्षं गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हक्क जन्माने येतो, वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही.

म्हणजे निदान हिंदू कुटुंबांपुरता आज कायदा बराचसा झाला आहे. मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत १९३७ च्या शरियत कायद्यातून शेतजमीनच वगळली होती, त्यामुळे तिथला गुंता वेगळा आहे. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. पण कायदा आपल्या बाजूने आल्यावर काय झालं? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या आणि त्यांच्याकडचं क्षेत्र १२ टक्क्यांहूनही कमी. खुरपणी, लावणी, कापूस वेचणी, गुरांचं सगळं, हे कोण करतं ते सांगायला आकड्यांची गरज नाही, बांधावर उभं राहिलं की दिसतं.

सातबारा वाचायची सवय असलेल्यांना आणखी एक गोष्ट दिसते. कितीतरी जुन्या उताऱ्यांवर बहिणींची आणि आयांची नावं कब्जेदाराच्या रकान्यात नसतात, ती 'इतर हक्क' मध्ये असतात, विहिरीतला हिस्सा आणि सोसायटीचा बोजा यांच्या शेजारी. कुठे थोरल्या भावाचं नाव 'एकुमॅ' म्हणून लागलेलं असतं, एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बाकी सगळे त्या तीन अक्षरांमागे गडप. पिढी उलटली की मॅनेजर मालक झालेला असतो. २०२५ मध्ये सरकारने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. चांगलं पाऊल आहे. अशा मोहिमेत मुलींची नावं वारस म्हणून लागतात. पण नाव लागलं की भाऊ हक्कसोडीची तारीख ठरवतो, हे गावात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

बहिणी सह्या का करतात? अडाणी म्हणून करतात हे उत्तर मला मान्य नाही. शिक्षिका करतात, बँकेत नोकरी करणाऱ्या करतात, स्वतःच्या पगारावर घर चालवणाऱ्या करतात. खरं कारण माहेर आहे. सासरी काही बिनसलं तर परत यायची एकच जागा बाईजवळ असते, आणि त्या जागेची किल्ली भावाकडे असते. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती तिला पुरती ठाऊक असते. भाऊ कठोर शब्दांत काही बोलतोच असं नाही. बहुतेकदा आईच म्हणते, 'तुला काय कमी आहे, त्याच्या पोरांचं बघ.' जात्यावरच्या ओव्यांपासून भाऊबीजेच्या ताटापर्यंत आपल्या सगळ्या स्त्रीसंस्कृतीत भावाची वाट पाहणं भरून राहिलं आहे. ती माया खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण या मायेवर अशी अट का असावी? ज्या भावाचं प्रेम बहिणीच्या सहीवर टिकतं, ते प्रेम वाचवण्यासाठी तिने आयुष्यभराचा आधार द्यावा, हा सौदा तिला कुणी विचारून ठरवलेला नाही. आणि माहेर हीच तिची शेवटची आशा असेल, तर तिथे तिचं नाव असणं तिला सगळ्यात जास्त गरजेचं आहे.

'लग्नात दिलं की' हे उत्तर प्रत्येक घरात मिळतं. लग्नात दिलं ते कुणाला दिलं? मांडव, जेवणावळी, मानपान, जावयाची गाडी, सासरच्यांचे आहेर. त्यातलं बाईच्या हातात उरतं ते थोडं सोनं, आणि तेही अडचणीच्या पहिल्याच वर्षी गहाण पडतं. शिवाय ते देणं हुंडा असेल तर १९६१ पासून तो गुन्हा आहे. मुलीचा हक्क बुडवण्यासाठी आपण गुन्ह्याचा दाखला पुढे करतो आहोत. आणि मुलाच्या शिक्षणावर, त्याच्या नोकरीसाठी भरलेल्या पैशांवर, त्याच्या लग्नावर झालेला खर्च वाटणीच्या वेळी कुणी वजा करत नाही.

दुसरं उत्तर तुकडेकरणाचं. जमीन आधीच थोडी, महाराष्ट्रात सरासरी धारणा १.३४ हेक्टर, मुलींना दिली तर उरणार काय? प्रश्न खरा आहे. पण चार भावांत वाटणी होते तेव्हा तो निघत नाही, फक्त बहिणीच्या वेळी निघतो. नाव लागणं म्हणजे बांध घालणं नव्हे. सातबाऱ्यावर एकत्र नावं ठेवून एकानेच जमीन कसावी आणि बाकीच्यांना उत्पन्नाचा भाग द्यावा, ही व्यवस्था पुण्या-मुंबईत राहणाऱ्या भावांसाठी पिढ्यान्पिढ्या चालू आहे. पिंपरीत कारखान्यात असलेला भाऊ शेतात पाय ठेवत नाही म्हणून त्याचं नाव काढावं, असं कुणी म्हटलेलं ऐकलं आहे का? बहीण मात्र दोन गावं पलीकडे दिली म्हणून ती लांबची ठरते.

माहेरच्या जमिनीइतकाच सासरच्या जमिनीचा प्रश्न आहे, आणि तो या राज्यात एकदा मोठ्या ताकदीने विचारला गेला होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं. शेतकरी बायका प्रचंड संख्येने जमल्या. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला. शरद जोशींचं म्हणणं थोडक्यात असं होतं की शेतमालाला रास्त भाव मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी आपल्या घरातल्या लक्ष्मीचं देणं फेडावं, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा. ते सीतेची गोष्ट सांगत: राजाची राणी, पण घराबाहेर काढल्यावर तिच्या नावावर काही नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला एकट्या सीतेचं देऊळ आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत शंभराहून अधिक पुरुषांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली. ज्या आंदोलनाबद्दल आपण कांद्याचा भाव आणि रस्ता रोको एवढंच लक्षात ठेवलं, त्याने हे केलं होतं. स्त्रीमुक्तीच्या इतिहासात त्याला पानभर जागा मिळायला हवी होती, ती मिळालेली नाही.

लक्ष्मीमुक्तीची मर्यादाही होती. ते पुरुषाने राजीखुशीने देणं होतं. दिलं तर दिलं. त्यामुळे जिथे नवरे तयार झाले नाहीत तिथे काही बदललं नाही, आणि याची किंमत सगळ्यात क्रूरपणे चुकवली ती आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांनी. २०१८ मध्ये महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ५०५ अशा स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के जणींना नवरा कसत असलेल्या शेतजमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. जमीन सासऱ्याच्या नावावर, दीर वाटणी करत नाही, पीककर्ज नाही, विमा नाही, आणि पोरांच्या शाळेची फी मात्र तिनेच भरायची.

नावावर काही असण्याने घरात काय बदलतं, हे केरळमध्ये मोजलं गेलं आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बिना अग्रवाल यांनी केलेल्या अभ्यासात ज्या बायकांच्या नावे ना जमीन होती ना घर, त्यांच्यातल्या ४९ टक्के जणींनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. जमीन आणि घर दोन्ही नावावर असलेल्यांत हेच प्रमाण ७ टक्के होतं. कितीही प्रबोधनपर कार्यक्रम केले तरी असा फरक पडलेला मी पाहिलेला नाही. ज्या बाईला जायला जागा आहे तिच्यावर हात उचलण्याआधी माणूस विचार करतो.

लाडक्या बहिणीचे महिना १,५०० रुपये हजारो घरांत औषधपाण्याला, गॅसच्या टाकीला लागतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण हप्ता चालू ठेवणं सरकारच्या मनावर असतं. सातबाऱ्यावरचं नाव तसं नसतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं सरकारने बंधनकारक केलं, तेही स्वागतार्ह. आता तेच नाव आईच्या घराच्या आणि जमिनीच्या कागदावर लागायला हवं.

कायद्यातही एक घाव उरला आहे. मूलबाळ नसलेली विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिची स्वकष्टाची मालमत्तासुद्धा १९५६ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नवऱ्याला, आणि तो नसेल तर त्याच्या वारसांना जाते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशी केस आली होती. लग्नानंतर काही महिन्यांतच नवरा वारला, सासरच्यांनी हाकलून दिलं, माहेरी शिकून तिने नोकरी केली आणि पैसा साठवला. ती गेल्यावर तो पैसा तिला सांभाळणाऱ्या आईला मिळाला नाही, हाकलणाऱ्या सासरला मिळाला. न्यायालयाने म्हटलं, प्रसंग कठीण आहे पण कायदा असाच आहे. हे कलम बदलायला हवं, आणि तोवर नोकरी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीने मृत्युपत्र करून ठेवावं.

ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचं काय, हा प्रश्न दलित आणि आदिवासी कार्यकर्त्या नेहमी विचारतात आणि तो योग्य आहे. मराठवाड्यात गायरानावर कसणाऱ्या बायकांनी गुन्हे अंगावर घेऊन ती जमीन राखली आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात बायका पोरं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या होत्या. आणि इथे कायद्याने एक चांगलं पाऊल आधीच टाकलं आहे: २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहितांना मिळणारा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यावा लागतो. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्तेवर समाईक मालकी आहे, आणि मुलगा-मुलगी दोघांनाही वारशातला ठरावीक भाग नाकारता येत नाही. दोडामार्गापलीकडे जे चालतं ते अलीकडे अशक्य का मानायचं? लग्नानंतर मिळवलेल्या घरावर आणि जमिनीवर दोघांची नावं सक्तीची करणारा कायदा महाराष्ट्राने करावा, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी हक्कसोडीची. ती बंद करा असं मी म्हणणार नाही. सज्ञान स्त्रीला स्वतःचा हक्क सोडण्याचाही अधिकार आहे. पण वारसनोंद होऊन एक वर्ष उलटल्याशिवाय असं पत्र नोंदवू नये. नोंदणीच्या वेळी अधिकाऱ्याने भाऊ, नवरा, वकील या सगळ्यांना बाहेर पाठवून तिला एकटीला विचारावं आणि तिचा जबाब लिहून घ्यावा. सोडत असलेल्या हिश्श्याची आजची बाजारभावाची किंमत कागदाच्या पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत असावी. आज ती बहुतेकींना माहीतच नसते. आणि सही केल्यावर सहा महिन्यांत मन बदललं तर ती मागे घेता यावी.

तिसरी मागणी सगळ्यात सोपी आहे आणि तिला एक रुपयाही लागणार नाही. नोंदणी विभागाचा कारभार आता संगणकावर आहे. दरवर्षी राज्यात किती हक्कसोडपत्रं नोंदली जातात, त्यांत सोडणाऱ्या बायका किती आणि पुरुष किती, एकूण क्षेत्र किती, तालुकानिहाय किती, हे सरकारने दरवर्षी जाहीर करावं, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी.

हे आकडे एकदा विधिमंडळाच्या पटलावर आले, की पुढच्या वर्षी प्रत्येक तालुक्याच्या आमदाराला त्यांवर बोलावं लागेल.